पहिल्या संक्रांतीची काळी साडी

माधव नगर, उज्जैन
२२ जानेवारी १९९६

ती. अण्णास,

साष्टांग म्हणावं इतके गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांनी केलेला नमस्कार गोड मानून घे. इकडे सर्व क्षेम. वहिनींचा दमा कसा आहे? आणि तुझी प्रकृती? भाचीच्या लग्नाच्या आठवड्यात ती नेमकी बिघडली होती, म्हणून विचारते. तिळगूळ वेगळ्या डब्यातून पाठवला आहे. वाटेत भुगा झाला तर चमच्याने खा, पण खा.

नाक्यावर एसटीडी बूथ झालाय. तिथून बोलता आलं असतं, पण काचेबाहेरची रांग आपल्या तोंडाकडे बघत असते. शिवाय तुझ्याशी लिहूनच बोलणं बरं. तुला मधे बोलता येत नाही. लग्नाविषयी मी काही लिहिणार नाही. कपड्यांविषयी लिहिते.

कपड्यांच्या बाबतीत तुझे मेहुणे स्थितप्रज्ञ आहेत. बारसं असो की तेरावं, एकच करडा सफारी. त्यामुळे कुठे काय नेसावं याचा सगळा भार या घरात माझ्यावर. आणि कॉलेजात इतकी वर्षं संस्कृत शिकवून आपल्याला औचित्य कळतं असा माझाही समज होता. तो या संक्रांतीला फिटला.

ऋताची पहिली संक्रांत. म्हणजे माहेरची काळी साडी आणि हलव्याचे दागिने आलेच. तुझ्या पुण्याहून चंद्रकळा मागवणार होते, पण पुण्याला काही मागायची सवय मोडली आहे. मग भैरवगढला जाऊन छिप्याकडून काळ्याभोर रेशमावर बारीक पांढऱ्या चांदण्या छापून घेतल्या. अण्णा, साडी अशी झाली की मलाच पुन्हा नवी नवरी व्हावंसं वाटलं. तुझे मेहुणे म्हणाले, नवराही नवा लागेल का? मी म्हटलं, सफारी नवा असला तरी पुरे.

साडी बांधून नानाखेड्याला तिच्या सासरी, व्यासांकडे पोचवली. आणि तिथेच चुकले. दोनशे वर्षं आपण माळव्यात आहोत. आपल्या बायका संक्रांतीला काळं नेसतात आणि शेजारचे 'मराठों का रिवाज है' म्हणून सोडून देतात. पण आजवर आपल्या पोरी आपल्यातच दिल्या गेल्या. काळी साडी कधी हिंदी घराचा उंबरा ओलांडून आत गेलीच नव्हती. नव्या सुनेच्या अंगावर काळं म्हणजे त्यांच्याकडे साक्षात शनी.

पुडकं सोडलं जावयाच्या, अभिजीतच्या आत्यानं. भुआजी म्हणतात त्यांना. नवऱ्याच्या माघारी भावाच्या घरी असतात आणि घर त्यांच्याच तालावर चालतं. दुसऱ्या दिवशी जावईबापू स्कूटरवरून साडी परत घेऊन दारात. बुटांकडे बघत म्हणाले, मम्मीजी, बुरा मत मानिए, ऋता लालच नेसेल. बिचाऱ्याने चहाही अर्धाच प्याला.

मला वाईट वाटलं नाही. (वाटलं. पुढे वाच.) संध्याकाळी ऋताचा फोन आला. म्हणाली, "आई, तू काही करू नकोस. मी नेसेन लाल. काही बिघडत नाही." तिचा आवाज मला आवडला नाही. समजूतदार झाला होता. ज्या मुलीने लग्नासाठी तुझ्यामाझ्याशी मान वर करून भांडण केलं, तिला महिन्याभरात असा आवाज कुठून आला? खोदून विचारलं तेव्हा कळलं. साडी बघून भुआजी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "जिसके ब्याह में मामा मायरा लेकर नहीं आया, उस घर से काला ही आएगा."

घ्या. लग्नाविषयी लिहिणार नव्हते.

मायरा तुला माहीत आहे; याच गावात वाढलास. भाऊ कपडे घेऊन बहिणीच्या दारी येतो, ती पाटावर उभी राहते, तो तिच्या डोक्यावर चुनरी घालतो आणि मगच लग्न लागतं. आपल्यात मामाची पिवळी साडी. ती मी इथल्याच बाजारातून आणली आणि पुण्याहून आली असं सगळ्यांना सांगितलं, भटजींनाही. ऋताला बोहल्यावर शेजारच्या श्रीपादने आणलं. तो मन लावून चालला, पण पावलं त्याची होती, तुझी नव्हती. मुलीने एकदा दाराकडे पाहिलं. एकदाच. असो.

तर मी ठरवलं की पोरीचा तो आवाज परत घ्यायचा. तुझे मेहुणे म्हणाले, गप्प बस, कालांतराने विसरतील. मी म्हटलं, आपल्या गावच्या राजाला रोज पहाटे भस्म फासतात आणि सगळं गाव हात जोडतं. पाहण्याची सवय व्हावी लागते, एवढंच.

हळदीकुंकू आपल्याकडे ठेवलं. काल, रविवारी. व्यासांकडच्या बायकांना मी स्वतः जाऊन बोलावलं, साडीचा विषय न काढता. मग माधव नगरातली मराठी घरं पालथी घातली. केबल आल्यापासून आपल्या बायकाही संक्रांतीला गुलाबी न् मोतिया नेसून येतात. प्रत्येकीला बजावलं, यंदा 'मरून' रंग चालणार नाही, 'डार्क ब्ल्यू' चालणार नाही, काळं म्हणजे काळं. सुलूकाकू तर लग्नातली चंद्रकळा नेसून आल्या. अर्धी त्यांनी नेसली होती, अर्धी टाचणीने टाचली होती.

चार वाजता व्यास मंडळी आली. दारातच थबकली. खोलीभर काळ्या साड्या, सगळ्यांच्या नाकात नथी, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि हसणं तर विचारूच नकोस. त्या सगळ्यांत आमची ऋता एकटी लालभडक, चुकून दुसऱ्याच समारंभाला आल्यासारखी. भुआजी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी संस्कृतातली सगळी आयुधं पाजळून ठेवली होती. शिशिर, उत्तरायण, उष्णता शोषून घेणारा वर्ण.

एकही लागलं नाही. ऋताची सासू, रामकन्याबाई, आतापर्यंत मी फक्त पदराआड पाहिलेली बाई, सुलूकाकूंच्या चंद्रकळेचं सूत बोटांत धरून उभी होती. विहिणीच्या नात्याने मला विचारलं, ब्याणजी, तुमच्यात हे नवरीलाच का देतात? मी व्याख्यान विसरले. म्हटलं, सणाला सगळ्यांची नजर तिच्यावर असते म्हणून असेल. खरं तर मलाही ठाऊक नाही.

त्यांनी सूत सोडलं. मग नणंदेकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "जीजी, काजल तो अपन भी लगाते हैं बहू को, नज़र न लगे। इनके यहाँ पूरी साड़ी ही काजल की है।" आणि ऋताला म्हणाल्या, "जा बेटा, बदल ले।"

अण्णा, ती आत पळाली ती चौथीतल्या मुलीसारखी. चांदण्यांची साडी, हलव्याचा मुकुट, बाजूबंद, नथ. बाहेर आली तेव्हा रामकन्याबाईंनी स्वतः तिचा पदर सारखा केला आणि फोटोवाल्याला सांगितलं, बहू के साथ मेरा भी. कॉलेजात इतकी वर्षं शिकवून मला जमलं नाही ते त्या बाईने एका वाक्यात केलं. निघताना भुआजींनीही मला बाजूला घेऊन विचारलं, यातलं लाल किनारीचं मिळतं का. मी म्हटलं, छापून घेऊ.

इथे पत्र संपवलं असतं तर मी शहाणी ठरले असते. पण भुआजी हरून घरी जाणाऱ्या बाई नव्हेत. जोडे घालता घालता, भरल्या खोलीत, त्यांनी विचारलंच. "सब ठीक। पर मामा?"

ऋताने माझ्याकडे पाहिलं. मांडवात दाराकडे पाहिलं होतं ना, तसंच.

मी म्हटलं, "मामा आएगा, भुआजी। मायरा लेकर आएगा।"

रामकन्याबाईंनी मला श्वासही घेऊ दिला नाही. लग्नानंतर मायरा येतो का, असं कुणीतरी पुटपुटलं, तर म्हणाल्या, भावाला वाटेल तो मुहूर्त. शिवरात्रीनंतरचा रविवार पक्का केला. आमचे साहेब सफारीतून टाळ्या वाजवू लागले.

तर असं आहे. विजयाच्या भरात तुला न विचारता शब्द देऊन बसले. माफी मागणार नाही. तू धोतर नेस, कोट घाल, तुझ्या बँकेतला टाय लाव, इथे कुणी हसणार नाही. साफा व्यासमंडळी बांधतील. कपडे इथे घेता येतील. चुनरी मात्र तुझ्या हातची हवी. पाटावर मी उभी राहीन, गुडघ्यांचं मी बघते.

दिलेला शब्द मागे घ्यायचा माझा स्वभाव नाही. तुझ्या भाचीचाही नाही, हे लग्नात तू पाहिलंसच. नाही, पाहिलं नाहीस.

ये आणि पाहा.

दारात उभी असलेली तुझी बहीण,
जयू