पदरच्या टिपा

५ ऑगस्ट १९४३, धाराशिव

फसलो. पुस्तक अपुरं आहे!

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीन वेळा बघितलं. अनुक्रमणिका बोट ठेवून वाचली. आंधळ्या बापाची गोष्ट कुठंच नाही. पान फाटलेलं नाही, शिवण उसवलेली नाही, पानांचे आकडे सलग आहेत. तरी गोष्ट नाही.

लिहून ठेवतो, म्हणजे पुढं माझाच गोंधळ व्हायला नको. उन्हाळ्यात वडिलांचे, आप्पांचे, डोळे दाखवायला सोलापूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात बावीस दिवस राहिलो. डोळे गेले ते गेलेच. तिथं एक सिस्टर दुपारी रोग्यांना बायबलातली गोष्ट सांगायच्या. एक बाप आंधळा होतो. मुलाला दूरदेशी पाठवतो. मुलगा निघतो — सोबत एक अनोळखी वाटाड्या, मागं घरचं कुत्रं. इथवर गोष्ट आली आणि आम्हाला घरी सोडलं. आप्पा तेव्हा खाटेवर पडून होते, झोपले असावेत. मी मात्र तिथंच अडकलो. मुलगा परत आला का? बापाला पुन्हा दिसलं का?

म्हणून बाजारात पुस्तक घेतलं. घरी सांगितलेलं नाही. आमच्या गळ्यात लिंग, आणि गुळाच्या ढेपांमागं बायबल! थोरल्या बहिणीला, शांताक्काला, सापडलं तर घर डोक्यावर घेईल. बाटायचं काही माझ्या मनात नाही. एकट्यानं, कुणी न सांगता, वाचून बघायचं आहे. एवढंच.

८ ऑगस्ट

बाजारात पुस्तकवाल्याला गाठलं. म्हटलं, "पूर्ण म्हणून दिलंत!"

"पूर्णच हाय. सहासष्ट पुस्तकं. मोजून घ्या."

"मोजली. गोष्ट नाही."

गोष्ट सांगितली तसा हसला. "ती कॅथलिकांच्यात. आमच्यात ती धरत न्हाईत."

म्हणजे दोन प्रकार आहेत! विकताना हे सांगायला नको? एकाच देवाचं पुस्तक आणि मापं दोन. परत घ्या म्हटलं तर, "नाव घातलंय तुम्ही, आता कोण घेईल?" खरंच होतं. घेतल्या घेतल्या पहिल्या पानावर नाव, तारीख घातली होती मी. माझी सवय मलाच भोवते.

येताना मल्लिनाथ कापडवाला ओरडला, "काय शांतलिंगशेठ, टोपीवाल्याचं पुराण घेतलं म्हणं!" सगळी गल्ली हसली. मी पण हसलो. हसायला नको होतं.

१० ऑगस्ट

पास्कल मास्तरांकडं गेलो. कॅथलिक मिशनची शाळा आणि प्रार्थना तेच चालवतात. फादर वर्षातून दोनदा येतात. मास्तर पूर्वीचे गुंडाप्पा, आमच्याच दुकानात तराजू धरायचे. बाटले तेव्हा गल्लीनं त्यांचं पाणी तोडलं. आप्पांनी बोलणं तोडलं नाही. अजून दर गुरुवारी येतात, ओट्यावर आप्पांपाशी बसतात, दोघं कानडीत बोलतात. मला कानडी मोडकंतोडकं कळतं, म्हणून मी आत दुकान बघतो.

पुस्तक उलटंसुलटं करून म्हणाले, "ह्याच्यात सात पुस्तकं कमी. पहिल्या पानावर बिशपची इजाजत न्हाय. आन मुख्य म्हंजे टिपा न्हाईत."

टिपा कशाला? शब्द तर कळतात.

"शब्द कळत्यात रे शांतलिंगा. बिनटिपांचं पुस्तक म्हंजे बिनमाणसाचा चौक. चार वाटा दिसत्यात. कुठली कुठं जाती, सांगायला कोण न्हाय."

पटलं. तहसिलीतल्या कागदावर मोहर नसली तर तो कागद आणि पुडीचा कागद सारखाच.

१७ ऑगस्ट

सात दिवस झोप नीट नाही. घ्यायचं कुठलं?

फादरांचं मोठं पुस्तक — त्र्याहत्तर पुस्तकं, पानाखाली बारीक टिपा, इजाजत छापलेली. पण इंग्रजी! माझं इंग्रजी डब्यांवरची नावं वाचण्यापुरतं. सरकारी मदरशात पाच जमाती, म्हणजे इयत्ता, शिकलो त्या उर्दूत. मराठी शिकलो ती दुकानात आलेल्या रद्दीवरून, ऱ्हस्व-दीर्घ घोकून. टिपांसकट मराठी पुस्तक मास्तरांनी कुठं बघितलेलं नाही.

पण मास्तरांपाशी वह्या आहेत! पूर्वीच्या एका फादरांजवळ बसून त्यांनी मोठ्या पुस्तकातल्या टिपा मराठीत उतरवून घेतल्या. पाच वह्या. आंधळ्या बापाची गोष्ट मात्र कच्च्या कागदांवरून अजून वहीत उतरवत आहेत — "जरा दम धर."

तेव्हा ठरलं. बाजारातलंच पुस्तक ठेवायचं. जिनगराकडून उसवून दर पानामागं कोरं पान शिवून घ्यायचं, त्यावर मास्तरांच्या टिपा उतरवायच्या. गोष्ट आली की तीही शेवटी शिवायची. विकत मिळत नाही ना? माझं पुस्तक मीच पुरं करणार.

२ सप्टेंबर

लढाईमुळं कागद नाही. तीन दुकानं फिरून दोन दस्ते मिळाले. जिनगर म्हणाला, "एवढी कोरी पानं? दुसरं पुराण लिवता का काय?"

पुस्तक आता विटेएवढं जाड झालंय. छान दिसतं.

१९ सप्टेंबर

आज सतरा टिपा. आधी शिसपेन्सिलीनं, मग शाईनं, मग मास्तरांच्या वहीशी मोजून ताळा. एकही सुटली नाही.

१४ ऑक्टोबर

सिस्टरांचं पत्र! कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं. दवाखान्यात मलमपट्टी करणारा माणूस पाहिजे, दोन वर्षं शिकवतील, राहायला जागा देतील. "तुम्ही वडिलांच्या औषधाच्या वेळा वहीत लिहीत होता ते मी पाहिले होते." डिसेंबरात हजर व्हायचं.

एवढं कुणी माझ्याबद्दल कधी लिहिलं नव्हतं.

जाणार कसा? आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. दिवसातून चौदा वेळा. मी एक दिवस मोजलं. मोजल्याची लाज वाटली. शांताक्का नवरा गेल्यापासून आमच्याकडंच आहे. घर ती सांभाळेल. पण आप्पा तिचा खांदा धरत नाहीत.

हे सगळं मास्तरांना सांगितलं. चौदा वेळा मोजल्याचंही. जिवंत माणसाला सांगितलेलं एवढंच.

२१ ऑक्टोबर

गोष्ट आली! मुलगा निघतो तिथवर. आणि तिथं टीप आहे, ती अशी:

"बापाला दिसत नाही म्हणून त्याला मुलगा जवळच पाहिजे असे नाही. या बापाने मुलाला स्वतः दारापर्यंत आणून सोडले."

तीनदा वाचली. बाकीच्या टिपा म्हणजे नदी कुठली, राजा कोणता, नाणं केवढ्याचं. ही तशी नाही. ही माणसानं माणसाला सांगितल्यासारखी आहे.

४ नोव्हेंबर

दुसरी टीप:

"रोज बापाचा हात धरणारा मुलगा बापाला पांगळा करतो. बापाने भिंत धरून चालायला शिकावे."

माझं पत्र इतक्या शतकांपूर्वी कुणी वाचलं? आता कळलं टिपा कशाला लागतात ते.

१८ नोव्हेंबर

तिसरी. मुलगा अजून परदेशीच आहे तिथली.

"मुलगा परत आला नसता तरी बापाने त्याला पाठवलेच असते."

दुकान अर्धा तास बंद ठेवलं.

२० नोव्हेंबर

सिस्टरांना कळवलं — येतो. दहा डिसेंबरला हजर होतो. पत्र पेटीत टाकलं आणि पेटीत हात घालून बघितला, अडकलं तर नाही ना.

आप्पांना सांगितलं. "बरं," म्हणाले. मग पाणी मागितलं. शांताक्का चुलीपासून म्हणाली, "जावा, जावा! आंधळ्याची काठी घिऊन सरपण करा!" आप्पा तिला म्हणाले, "तू गप ग."

पुस्तकात लिहिलंय म्हणून जातोय. नाहीतर माझ्यात धीर कुठला?

२८ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहितो.

फादर आले आहेत. प्रार्थना झाल्यावर मी भीत भीत विचारलं, तुमच्या मोठ्या पुस्तकाशी माझ्या टिपांचा ताळा करू का? इंग्रजी येत नसलं तरी खुणेची बारीक अक्षरं मोजता येतात. फादर खूश झाले, माझं पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं. मास्तर शाळेत मुलांना प्रसाद वाटत होते.

मोजलं. आंधळ्या बापाच्या गोष्टीला, माझ्याकडं ती आली आहे तिथवर, मोठ्या पुस्तकात एकतीस टिपा. माझ्याकडं चौतीस.

पुन्हा मोजलं. एकतीस. चौतीस. मीच दुसरीकडची कुठली तीन इथं उतरवली असणार, असंच वाटलं! चूक माझीच असणार. फादरांना एकेक वाचून दाखवली. ते इंग्रजीवर बोट ठेवून मान हलवत होते — आहे, आहे, आहे. "स्वतः दारापर्यंत आणून सोडले" आलं आणि बोट थांबलं.

"हे या ग्रंथात नाही, बाळ."

दुसरी वाचली. नाही. तिसरी वाचली. फादरांनी तीच ओळ मला पुन्हा वाचायला लावली. "चांगले आहे," म्हणाले, "परंतु हे नाही. कुठेच नाही. हे कोणी लिहिले?"

मी म्हटलं, माझी चूक झाली. मास्तरांचं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं?

गोष्टीचा शेवटही फादरांनीच सांगितला. मुलगा परत येतो, माशाचं पित्त बापाच्या डोळ्यांत घालतो, बापाला दिसतं. माशाचं पित्त! आमच्या घरात! ज्या शेवटासाठी चार महिने घालवले तो कळला आणि मला काहीच वाटलं नाही.

२९ नोव्हेंबर

मास्तरांच्या खोलीवर गेलो. बसलो नाही. तीन टिपांवर खुणा करून पुस्तक पुढं ठेवलं.

"ह्या कुणी लिहिल्या?"

"माझ्या हातच्या हायत."

"पुस्तकात नाहीत!"

"न्हाईत."

"मग खोट्या."

"खोट्या न्हाईत, शांतलिंगा."

किती निर्लज्जपणा! म्हटलं, मी तुम्हाला विश्वासानं सांगितलं, चौदा वेळा मोजल्याचंसुद्धा सांगितलं, आणि तुम्ही तेच घेऊन देवाच्या तोंडी घातलंत? मिशनला माणूस पाहिजे म्हणून? मला बाटवायला? टिपांशिवाय वाचू नको म्हणालात ते ह्यासाठीच का — चौकात उभं राहून खोटी वाट दाखवायला?

"पाहिजे ते बोल," म्हणाले. "मला अजून काय सांगता येत न्हाय."

"येत नाही की सांगायचं नाही?"

त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं. निघालो तर मागनं म्हणाले, "जायचं मात्र मोडू नगंस." ऐकून आणखी चीड आली.

पुस्तकवाला बरा! त्यानं गाळलं होतं फक्त. पदरचं घातलं नव्हतं.

३० नोव्हेंबर

सिस्टरांना पत्र लिहिलं, येत नाही. कारण दिलं नाही. अजून पेटीत टाकलेलं नाही. उद्या टाकतो.

तीन पानं कापून काढायला पातं घेतलं. पण पाठीमागं खऱ्या टिपा आहेत. कापलं तर त्याही जातील. तशीच ठेवली. आता कुठलीच टीप वाचवत नाही. चौतिसांतल्या तीन खोट्या, पण वाचताना सगळ्याच खोट्या वाटतात. पाचही वह्यांचं तसंच! इतक्या दुपारी गेल्या, बोटाला शाईचा घट्टा पडला.

आणि सगळ्यात वाईट हे — बाकीच्या एकाही टिपेतलं मला पाठ नाही. त्या तीनच पाठ आहेत.

२ डिसेंबर

गुरुवार. मास्तर आले. मी आतून बाहेर आलो नाही. ओट्यावर दोघांचं कानडी चाललं होतं, आज हळू आवाजात. आप्पा एकदा मोठ्यानं "गुंडाप्पा!" म्हणून काहीतरी म्हणाले. मास्तर चहा न घेता गेले. बरं झालं.

पत्र अजून खिशातच आहे. घडीवर काळं पडलंय.

३ डिसेंबर

आप्पा सकाळी एकटे भिंत धरून न्हाणीपर्यंत गेले. कोपर खरचटलं. मी धावलो तर हात झटकला. शांताक्का माझ्याकडं अशी बघत होती, जणू मीच ढकललं.

५ डिसेंबर

आज आप्पांना सगळं सांगून टाकलं. दवाखान्यातली गोष्ट, गुळामागचं पुस्तक, वह्या, ताळा, सगळं. म्हटलं, मी जात नाही. पुस्तकात आहे म्हणून निघालो होतो, आणि पुस्तकात ते नव्हतंच. मास्तरांनी दगा दिला. तीन टिपा पदरच्या घातल्या.

आप्पा कोपरावरची पट्टी चाचपत होते.

"तीनच?" म्हणाले. "म्या चार सांगितल्या व्हत्या गुंडाप्पाला."