दहावा क्रमांक

४ जानेवारी १९७७

चौदांत आमचं नाव आहे! मुंबईच्या एका इंग्रजी मासिकानं देशातले व्यवस्थापनाचे चौदा पदव्युत्तर वर्ग निवडलेत, आता त्यांचे क्रमांक लावणार. पद्धत काय, तर चौदा संचालकांनी प्रत्येकी पाच उत्तम संस्था लिहून पाठवायच्या. पहिलीला पाच गुण, पाचवीला एक. विद्यार्थी काय शिकला ते कुणी विचारणार नाही. याला काय मोजणं म्हणतात? मी संख्याशास्त्र शिकवते — वर्गात कुणी असली पाहणी आणली असती तर वही परत दिली असती.

तरी दिवसभर उगाच हसत होते. सांगलीचं नाव चौदांत.

९ जानेवारी

संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब येऊन गेले. "चारुशीलाबाई, पैल्या दहात आलो तर वर्ग ऱ्हाईल. न्हाईतर जूनपासनं बंद. पोरं बी लय न्हाईत तुमच्याकडं."

तेवीस आहेत. कमी आहेत, पण कसले आहेत! उंब्रजचा नाथाजीच घ्या. फौजेतून सुटून आलेला. मिरजेत सतारी करणाऱ्यांकडे सहा आठवडे जाऊन बसला. तिथं गिऱ्हाईक वर्षवर्ष ताटकळायचं, कारण कुठल्या सतारीचं काय राहिलंय याचा कुणालाच पत्ता नसायचा. यानं भिंतीवर फळा लावला, खडूनं सगळं मांडलं. आता सांगितलेल्या तारखेला वाद्य मिळतं. कुठून सुचलं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पलटनीत गाड्यांचा आसाच बोर्ड आसतोय."

हे दुसऱ्या कुठल्या संस्थेत होतं ते सांगा मला.

१७ जानेवारी

संचालक विष्णुपंतांनी पाच नावं सांगितली, मी टाइप केली. त्यांत आम्ही नव्हतो! म्हटलं, सर, स्वतःचं लिहू नये असं कुठं छापलेलं नाही. म्हणाले, "आपल्या तोंडानं आपलं नाव घ्यायचं नसतं. लोक घेतील."

माधवनगरच्या गिरणीत एकतीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्यापुढे मी काय बोलणार?

१८ जानेवारी

केलं.

नवा कागद लावला. पहिल्या क्रमांकावर आम्ही, पाचवं नाव खलास. सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध सारला. सर फोनवर होते, बोलता बोलता सह्या करत गेले. पाकीट मीच टपालपेटीत टाकलं.

वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. खोटं काय लिहिलं? माझ्या मते आम्हीच पहिले.

२ मार्च

गावभर निवडणुकीची धामधूम. मला मात्र चौदाच मतांचा घोर.

६ एप्रिल

दहावे!!

लालासाहेबांच्या भाच्यानं मुंबईहून तार केली. लालासाहेबांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणवले, स्वतःच्या हातानं वाटले. "बाई, वर्ग चालू. आनि दोन खोल्या जादा." नाथाजीनं व्हरांड्यात कडक सॅल्यूट ठोकला, मला रडूच आलं. विष्णुपंत पेढा मोडत म्हणाले, "म्हटलं नव्हतं, लोक घेतील?"

इतका अभिमान मला माझ्या एम. ए.च्या निकालालाही वाटला नव्हता. आईला पत्र लिहिलं, चार पानी.

११ एप्रिल

मासिक आलं. शेवटच्या पानावर गुणांचा तक्ता.

दहावे आम्ही. गुण पाच.

दोनदा वाचलं. मी टाइप केलेल्या पहिल्या क्रमांकाचेच पाच होतात — म्हणजे हे एकच मत, माझं. देशात दुसऱ्या एकानंही आमचं नाव घेतलं नाही. खालच्या चौघांना शून्य. त्यांच्याकडे कुणीतरी विष्णुपंत असतील, आणि मी नसेन.

वर्ग वाचला. तेवीसजण परीक्षेला बसतील. आम्ही चांगले आहोत हे मला आजही तसंच वाटतं. पण सर अजून समजताहेत की लोकांनी नाव घेतलं. ते मला सहन होत नाही. उद्या सांगणार, मग नोकरी राहो न राहो.

१२ एप्रिल

सांगितलं सगळं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चारुशीलाबाई, मी आयुष्यात न वाचता एकही सही केलेली नाही."