मागच्या बोळातली हिरवळ

४ फेब्रुवारी
निर्णय झाला. मागच्या बोळात बाग करायची. बोळ म्हणजे स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली यांच्यामागची, कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची चिंचोळी जागा. ऊन तिथे वर्षभर फिरकत नाही. शेजारचे दातांचे डॉक्टर काल कुंपणावरून म्हणाले, तिथे शेवाळाशिवाय काही येणार नाही. त्यांच्या गुलाबांना दिवसभर ऊन असतं. उन्हात कोणीही माळी होतो.
बँकेत माझी सगळी नोकरी मॅनेजर लोकांना 'जोखीम कशी ओळखावी' हे शिकवण्यात गेली. एक बोळ मला जड नाही.

७ फेब्रुवारी
नर्सरीत जाऊन आलो. सावलीत टिकणारी, जमिनीलगत पसरणारी, बारमाही हिरवी, चिवट झाडं मागितली. नर्सरीवाल्या बाईंनी आयव्हीचे वेल, मोंडो ग्रास नावाचं बुटकं गवत आणि थोडे नेचे दिले. म्हणाल्या, पाणी बेताने घाला, मुळं कुजतात. जमीन झाकायला दीड-दोन वर्षं लागतील. मी म्हणालो, सहा महिने. त्या हसल्या. बहुधा कौतुकाने.
संकल्प: रोज उठून बघायचं नाही. आठवड्यातून एकदा.

८ फेब्रुवारी
दोनदा बघितलं. उद्यापासून.

१२ मार्च
अपेक्षेपेक्षा लवकर यश. सासूबाईंच्या खिडकीखाली मोंडो ग्रास असा दाटलाय की बोट घालायला जागा नाही. आयव्ही भिंतीला चिकटून निघाली. गेटकडच्या टोकाला मात्र झाडं जेमतेम जिवंत. कारण उघड आहे. खिडकीपाशी मी खुर्ची टाकून बसतो. झाडांना सोबत लागते.
हिला दाखवलं. ही म्हणाली, "इथली माती इतकी ओली कशी? तुम्ही तर पाणी घालत नाही."
चांगली माती ओल धरून ठेवते, हे तिला समजावलं.

३ एप्रिल
नर्सरीवाल्या बाईंना फोटो दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले, मग विचारलं, पाणी किती घालता? म्हणालो, हल्ली बंदच केलंय. त्या म्हणाल्या, मग एवढं पाणी पितात कुठून?
व्यावसायिक लोकांना हौशी माणसाचं यश पचत नाही.

९ एप्रिल
सासूबाई म्हणतात, त्यांच्या भिंतीमागे कोणीतरी सारखं पाणी सोडतं. सासूबाईंना दारावरची बेल ऐकू येत नाही. मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, ऐकू नाही येत, भिंतीला हात लावला की कळतं.
हात लावून बघितला. भिंत गार लागली. सावलीतली भिंत गारच असणार.

१७ एप्रिल
स्वयंपाकघराचं मागचं दार अडकतंय. खांद्याने ढकलावं लागतं. लाकूड फुगलं असेल. दाराच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत एक बारीक चीर गेलीय. केसाएवढी. हिने त्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवली. भिंत हलत असेल तर पट्टी फाटेल म्हणे. हे तिने कुठे वाचलं कोण जाणे.

२४ एप्रिल
पट्टी फाटली. डिंक निकृष्ट असणार.
डिंक निकृष्ट असता तर पट्टी सुटली असती, फाटली नसती, असं हीच म्हणाली. मुद्दा तसा बरोबर आहे. म्हणून विषय बदलला.

२५ एप्रिल
मोठी बातमी. आमच्या भागातलं बागप्रेमी मंडळ बोळ बघायला येणार. चोवीस मे. डॉक्टर मंडळाचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे त्यांनाही यावंच लागेल. 'सावली हे संकट नव्हे' या विषयावर चार शब्द बोलेन. तयारी आजपासून.

३ मे
हिने मला न विचारता प्लंबरला बोलावलं. त्याने नळ सोडले, बंद केले, डोकं खाजवलं. म्हणाला, नक्की सांगता येत नाही, बाहेरून खणून पाइप उघडा केला तर दिसेल. कुठे खणायचं? बरोबर खिडकीखाली. सबंध बागेत जी जागा बघण्यासारखी आहे, तीच.
मी शांतपणे सांगितलं, चोवीसनंतर खणू. तीन आठवड्यांनी काय बिघडतंय?
हिने प्लंबरला चहा दिला आणि पाठवलं. तिला पटलेलं दिसतंय.

५ मे
स्वयंपाकघरात गांडुळं. फरशीच्या सांध्यातून वर आली होती. दोन. उचलून बागेत सोडली. गांडुळं म्हणजे जमीन निरोगी असल्याचं प्रशस्तिपत्र.
ही आत गेली आणि दार लावून घेतलं.

१० मे
बाहेरून आलो तर सासूबाईंचा पलंग पुढच्या हॉलमध्ये. त्यांचं कपाटही. हिने आणि कामवाल्या बाईंनी मिळून ओढून आणलं. विचारलं तर म्हणाली, "तिकडे ओल आहे. आईचे सांधे धरतात."
माझ्या बागेची झुळूक सरळ ज्या खोलीत जाते, ती खोली सोडून हॉलमध्ये, टीव्हीसमोर. अपमान गिळला. मंडळ आल्यावर खिडकी आतूनही दाखवायचा विचार होता, त्यासाठी खोली रिकामी मिळाली हे एका अर्थी बरंच.

१४ मे
बागेच्या नावाची पाटी लावायला काठी रोवली. हातोडी आणली होती, लागली नाही. काठी हातानेच आत गेली. जातच राहिली. शेवटी वरचं टोक धरून ओढून काढावी लागली. बाहेर आली ती चिखलाने माखलेली, आणि खालून गटाराचा नाही, पण जुन्या विहिरीसारखा वास.
किती भुसभुशीत जमीन. असं आधी लिहिलं. खरं सांगायचं तर काठी टाकून दोन पावलं मागे सरलो. पण भाषणाची तयारी चालू असली की मला असं होतं, बँकेतही व्हायचं.
पाटी दुसरीकडे लावली.

१८ मे
बोळात रोज येऊन बसणारं मांजर येईनासं झालं. हिरवळीवर पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा दबतो आणि सावकाश वर येतो. भिंतीतली चीर आता बाहेरूनही दिसते, तिच्यात करंगळी जाते. आयव्ही तिकडे वळवून चीर झाकली. पाहुण्यांच्या नजरेला उगाच खुपायला नको.
ही म्हणाली, स्वयंपाक दोन दिवस पुढच्या खोलीत शेगडीवर करते. मी म्हणालो, लोक हसतील. ती म्हणाली, हसू देत.

२१ मे
दुपारी, जेवणं चालू असताना. आधी मागचं दार आपोआप उघडलं. मग आवाज. मोठा नव्हता, कोणीतरी खूप वेळ धरलेला श्वास सोडावा तसा. सासूबाईंच्या खोलीची मागची भिंत बसली आणि खिडकीसकट आत आली. छताचा तुकडा तिच्यावर.
तिघंही पुढे होतो. कोणालाही लागलेलं नाही.
डॉक्टर धावत आले. त्यांनी सासूबाईंना उचलून बाहेर नेलं. मी ताट हातात धरून उभा होतो, असं नंतर कळलं.

२३ मे
इंजिनिअर येऊन गेला. पायालगतचा पाइप वर्षभर तरी गळत असावा. भिंतीखालची माती धुऊन गेली होती, खाली पोकळी. मी विचारलं, मुळांमुळे तर नाही ना? म्हणाला, नाही, मुळं बिचारी वरवरची. पण जमीन उघडी असती तर ओल आणि खळगा कोणालाही दिसला असता. या झाडांनी सगळं झाकून टाकलं. झाकण्यात एकदम पक्की झाडं, म्हणाला.
मंडळाला कळवलं.

२६ मे
सध्या मेहुणीकडे राहतोय. सकाळी सामान काढायला घरी गेलो. सासूबाईंचा पलंग जिथे असायचा तिथे चौकटीचा दगड पडलाय, उशाच्या बाजूला. मोंडो ग्रासला काही झालेलं नाही.
परत आल्यावर हिला विचारलं, आईंना हॉलमध्ये आणायचं तू नेमकं कधी ठरवलंस? ती उशीला अभ्रा घालत होती.
"तुम्ही प्लंबरला चोवीसनंतर ये म्हणालात, तेव्हा."
मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस, म्हणालो.
ती म्हणाली, "तुम्हालाच तर सांगत होते, इतके दिवस."
आवाज चढलेला नव्हता. तिने दुसरी उशी घेतली.