चार काळे दिवे

कोइंबतूर, गुरुवार

अप्पा, पाया पडते.

मी बरी आहे, जेवतेही. मेसचं सांबार मात्र निव्वळ पाणी. गुडघा कसा आहे?

काल लॅबमध्ये फ्लिप-फ्लॉपची सर्किटं जोडून चार दिव्यांचा रिंग काउंटर केला. एकाने विझताना पुढच्याला पेटवायचं, गोल गोल. कॉम्प्युटरवर सुरेख फिरला, बोर्डवर चारही काळे. तासभर वायरी उपसल्या. लॅबच्या तेनमोळी मॅडम हसल्या, "अगं, पहिला पेटवलाच नाहीस! सगळे एकमेकांची वाट बघत बसलेत."

तेव्हापासून चैन नाही. अक्काने स्वतःच्या मनाने लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली. ती म्हणते अप्पांनी आधी फोन करावा, तुम्ही म्हणता तिने.

मी तिला सांगितलंय, अप्पांनी बोलावलंय. ती रविवारी घरी येतेय. रागवायचं तर माझ्यावर रागवा, दार मात्र तुम्हीच उघडा.

तुमची धाकटी,
पूंगोडी