भिंगरीची साठ कार्डं

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साष्टांग लिहिलंय खरं, पण कंबर आता तेवढी वाकत नाही, तेव्हा कागदावरच घे.

काल सुखरूप पोचलो. पहिलीच्या बाकावर तीन तास बसल्यामुळे गुडघ्यांनी अबोला धरलाय, पण आलो ते बरं केलं. आपण पत्त्यांना हात लावला की आई पाठीत धपाटा घालायची, आठवतं? आणि तू शाळेची बाई असून पोरांना सकाळपासून पत्तेच खेळायला लावतेस! मी बघायचो तर काय, माझ्याच कारखान्यातल्या टाकाऊ पुठ्ठ्याची साठ कार्डं, तुझ्या हातची अक्षरं, आणि पोरं जमिनीवर पालथी पडून जिवाच्या आकांताने खेळतायत. कार्ड उलटायचं, अक्षराला अक्षर जोडून शब्द मोठ्याने म्हणायचा, चित्राशी जोडी जमली तर आपली. आणि तो शेवटचा ढिगाचा खेळ तर झकास. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत जेवढे शब्द वाचले तेवढी कार्डं पदरात.

मशीनने दोन कागद एकदम ओढले तर मला शेजारच्या खोलीत कळतं, हे तुला ठाऊक आहे. तुझा वर्गही मी थोडा वेळ डोळे मिटून ऐकला. आधी कार्ड उलटल्याची चट्, मग जरा शांतता, मग शब्द. त्या शांततेत पोर अक्षरं जोडत असतं. कुणाची लांब, कुणाची आखूड. फार गोड ऐकू येतं गं ते. तुझ्या भिंगरीचा मात्र कारभारच निराळा, तिला शांतता लागतच नाही. नाव अगदी बरोबर ठेवलंस. पक्की आहे पोरगी, माझ्याच वळणाची.

आता कामाचं. वीस तारखेला तपासणीच्या बाई हाच खेळ बघायला येणार, आणि त्यांच्यापुढे तू ते मळके पुठ्ठे मांडणार? एकाचा कोपरा कुणी चावलाय, एकावर चहाच्या कपाचं कडं, एक मधोमध दुमडलेलं. एप्रिलात निवृत्त होतेस, जाताना जरा थाटात जा. नवा संच मी करून पाठवतो. जाड पुठ्ठा, गोल कोपरे, पाठी सगळ्यांच्या निळ्या आणि गुळगुळीत. नाही म्हणायचं नाही.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.
तुझा,
धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. गुडघ्यांसाठी वेगळे.

कार्डं वेळेत मिळाली. इतकी देखणी झालीत की हात लावण्याआधी पोरांना हात धुवायला लावले. जुनी मी कपाटात वर टाकली.

काल बाई आल्या. तासभर बसल्या, खूश झाल्या, मुलांना कोणी पढवून ठेवलेलं नाही हे दिसतंय असं मुख्याध्यापकांना म्हणाल्या. सगळ्या शाळांना हा खेळ द्यायचा त्यांच्या मनात आहे. तेव्हा तुझी बहीण जिंकली असं तू म्हणशील. पण मला काल घास गेला नाही.

पहिली मी भिंगरीलाच उठवली. आणखी कुणाला उठवणार? वाळूचं घड्याळ उलटं केलं. तिने ढिगातलं वरचं कार्ड उचललं, त्याची पाठ बघितली, परत बघितली. मग उलटलं आणि गप्प. मला वाटलं बुजली. मी हळूच म्हटलं की अगं, नेहमीचेच शब्द आहेत. तिने एक शब्द म्हटला, तो कार्डावर नव्हता. दुसऱ्याला दुसराच काहीतरी. मागच्या एकाने खिदळून म्हटलं की भिंगरीची दोरी तुटली, आणि सगळा वर्ग हसला. वाळू सावकाश गळत होती, ती थांबवायचं मला सुचलं नाही रे. तिने कार्डांचा ढीग नीट चौकोनी केला, माझ्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

बाई म्हणाल्या की एखादं मूल अडखळायचंच. पण ही एखादं मूल नाही. हिचा बाप इमारतींना परांची बांधतो, आई सिमेंट कालवते. इमारत झाली की बिऱ्हाड उचललं. सहा वर्षांची पोर आणि ही तिची तिसरी शाळा. आताची इमारतही होत आलीय. मी मनाशी धरलं होतं की इथून जाताना हिला वाचता यायला हवं, मग कुठेही गेली तरी कुणी हिला मागे ढकलणार नाही. ती आज शाळेत आली नाही.

असं कशाने झालं असेल? तुझे कान तिखट आहेत, तीन तास बसला होतास. तुला काही जाणवलं होतं का?

वहिनीला आशीर्वाद. माया आहे तशीच आहे.
ताई

२४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तपासणी पार पडली, जीव भांड्यात पडला. अभिनंदन. भिंगरीचं मनाला लावून घेऊ नकोस. नवा माणूस समोर, नवी कोरी कार्डं, बिचकलं पोर. आमच्याकडेसुद्धा मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं की नेमकं रोजचं मशीन रुसतं. चार दिवस जाऊ दे, येईल उड्या मारत.

इकडे औषधाच्या खोक्यांची घाई चालली आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो.

लोभ आहेच.
धाकटा

२८ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

भिंगरी अजून आलेली नाही. मी रोज शाळा सुटल्यावर त्या इमारतीवर जाते. तळमजल्यात पत्र्याच्या खोल्या आहेत, तिसरी त्यांची. काल मुद्दाम जुनी कार्डं घेऊन गेले. तिने तोंड भिंतीकडे केलं, हात लावला नाही. आई कामावरून आली, हात सिमेंटने पांढरे. ती ओशाळून म्हणाली की बाई, पोरगी एकच सांगते, तुमच्या भावाला सगळं ठाऊक होतं, त्यांनी तिला डोळा मिचकावला होता.

तिथून शाळेपर्यंत मी चालत आले, आणि चालता चालता एकेक सुचत गेलं. फळा पुसायला ही नेहमी सगळ्यांच्या आधी धावायची. मला वाटायचं, किती कामसू. फळा पुसणाऱ्याला फळा वाचायला कुणी सांगत नाही, हे पस्तीस वर्षं फळ्याशी उभ्या राहिलेल्या बाईला कळू नये? माझं मी बघून घेईन. पण तुला मी सरळ विचारलं होतं, आणि तू मला मशीन रुसल्याचं लिहिलंस.

तुला काय ठाऊक होतं?

ताई

३१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज नमस्कार खरोखर वाकून करतोय असं समज.

सांगतो. इतर पोरांचा शब्द कार्डाच्या आवाजामागून यायचा. भिंगरीचा शब्द पुढून यायचा. चट् व्हायच्या आत शब्द तयार. मी डोळे उघडून नीट पाहिलं, तेव्हा ती कार्डाची वाचायची बाजू बघतच नव्हती. पाठ बघत होती. चावलेला कोपरा म्हणजे मगर, चहाचं कडं म्हणजे कमळ. इतर पोरं वाचायची ते ऐकून ऐकून तिने साठच्या साठ कार्डांचे डाग पाठ केले होते. साठ, ताई! माझ्या कारखान्यात एवढं डोकं कुणाला नाही, त्यात मीही आलो.

मी बघतोय हे तिला कळलं. हात थांबला, चेहरा उतरला. त्या घटकेला मी उठून तुझ्या कानात सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी डोळा मिचकावला. ती हसली आणि पुढचं कार्ड उचललं.

का केलं असं? मला गंमत वाटली. मी पहिल्यांदा कटिंग मशीनवर लागलो तेव्हा मला पट्टीवरचं माप वाचता येत नव्हतं. पातं कुठे थांबलं ते मी आवाजावरून ओळखायचो, आणि फोरमन सगळ्यांना सांगायचा की बघा, याची नजर कशी. वर्षभर निभावलं, मग हळूच शिकून घेतलं. ही गोष्ट मी चारचौघांत शंभरदा फुशारकीने सांगितली आहे. म्हटलं, माझं निभावलं तसं हिचंही निभावेल. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्यापुढे कुणी वाळूचं घड्याळ ठेवलं नव्हतं, हे मनात आलं नाही.

आता खरं वाईट ते ऐक. नव्या कार्डांचे कोपरे गोल करताना मला ती आठवली होती. सगळ्या पाठी एकसारख्या झाल्या, आता पोरीचं काय, असं अगदी स्वच्छ मनात आलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मी बोलत बसलो, आणि संच बांधून पाठवून दिला. बहिणीचं नाव व्हावं असं मला वाटत होतं. कार्डांवर माझ्या कारखान्याचं नावही बारीक छापलं होतं, तू पाहिलं असशील.

तू विचारलंस तेव्हा खोटं लिहिलं, कारण खरं लिहायची लाज वाटली. दुसरं कारण नाही.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.
धाकटा

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

वाचलं. रागवायचं ते मी सवडीने रागवेन, आता वेळ नाही. इमारत झाली, रविवारी पत्र्याच्या खोल्या काढणार आहेत. म्हणजे उरले पाच दिवस.

भिंगरी माझ्याशी बोलत नाही, पण काल आईच्या आडून म्हणाली की मामांना घेऊन या. तू येऊन तिला एवढंच सांग की चूक तुझी होती, आणि तुलाही आधी येत नव्हतं, मग शिकलास. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे, कसा का असेना. एकदा ती कार्ड हातात धरू दे, पाच दिवसांत मी तिची दहा अक्षरं तरी पक्की करीन. दहा आली की पुढची धीर करून येतात.

गुरुवारी ये. खोकी थांबतील.

ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी कटिंग मशीनचं पातं तुटलं आणि औषधवाल्यांचा माणूस दारात येऊन बसला. शुक्रवारी निघतो म्हटलं, शनिवारी निघतो म्हटलं. खरं सांगू? पातं गुरुवारी संध्याकाळीच बसलं होतं. सहा वर्षांच्या पोरीपुढे उभं राहून काय बोलायचं ते मला जुळत नव्हतं. बसमध्ये जुळवू म्हणत म्हणत सोमवार उजाडला.

काल मी तिथे गेलो. पत्रे निघाले होते, जमिनीवर खोल्यांच्या चौकटींच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. रखवालदार म्हणाला की सगळे रविवारी सकाळी टेंपोत बसून गेले, मुकादम नेईल तिकडे. कुठे, ते त्याला ठाऊक नाही. त्याने विचारलं की तुम्ही पोरीचे कोण. मी म्हटलं, मामा. तो म्हणाला की मग शनिवारी यायचं होतं, एक पोरगी दिवसभर फाटकाशी बसली होती.

तुझं घर तिथून दहा मिनिटांवर. वळणापर्यंत आलो आणि परत फिरून बस धरली. तुझ्यापुढे यायचं तोंड नव्हतं.

धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

वळणापर्यंत आलास ते शेजारच्या आजींनी मला सांगितलं. परत असं करू नकोस. मी म्हातारी होत चालले आहे, तूही होतो आहेस.

सगळा दोष एकट्याने घेऊ नकोस, तुला तशी सवय आहे, नफा असो की दोष. तू तीन तास बसलास आणि तुला ऐकू आलं. मी सात महिने रोज बसले. माझ्या वर्गात एक पोर धडाधड वाचतं, याचंच मला इतकं सुख होतं की तिला मी एकदाही फळ्याजवळ नेलं नाही. तुझ्या एका मिचकावण्याने जेवढं झालं, त्याहून जास्त माझ्या शाबासकीने झालं. तपासणीच्या बाईंचं पत्र आलं आहे, पुढच्या वर्षी सगळ्या शाळांना ही कार्डं द्यायची ठरली. छापायला तुझ्याकडेच येतील. चांगली छाप. खेळ वाईट नाही, त्यावर तीस पोरं वाचायला लागली. हे मी समजूत म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते.

आता जे सांगण्यासाठी पत्राला बसले ते. भिंगरीची आई शनिवारी शाळेत येऊन दाखला घेऊन गेली, हे मला काल कळलं. शनिवारी दुपारी मी त्यांच्याच खोलीकडे निघाले होते, वाटेत चुकामूक झाली असणार. दाखला आमच्या कारकुनाने लिहून दिला. चांगला माणूस आहे, त्याने नुसता दाखला न देता माझ्या सहामाहीच्या वहीतला शेराही खाली उतरवून दिला, म्हणजे नव्या शाळेत पोरीची अडचण नको. शेरा माझाच, माझ्याच शब्दांत. वाचन उत्तम, वर्गात पहिली, इतरांना वाचून दाखवण्यास सांगावे.

तिथल्या बाई तो वाचतील आणि पहिल्याच दिवशी तिला उभं करतील. मीही केलं असतं.

रविवारी जेवायला ये. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, जेव आणि जा. पण ये.

तुझी,
ताई