खुर्ची बंद असताना

आई, तुझ्या हातावरून मी तुला नको नको ते बोललो. आज ते सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, म्हणून लिहितोय.

माझं काम तुला कधी धड सांगितलं नाही. हेलिकॉप्टर हादरतं, तो हादरा खुर्चीतून वैमानिकाच्या अंगात चढतो, खांद्यातून हातात उतरतो, आणि हातातला दांडा त्याच्या नकळत हलतो. दांडा हलला की हेलिकॉप्टर आणखी हादरतं. बिचाऱ्याला वाटतं, आपण तर स्थिर धरलंय. आम्ही लॅबमध्ये एका हादरणाऱ्या खुर्चीवर वैमानिकांना बसवून हे मोजतो. त्याआधी खुर्ची बंद ठेवून मी स्वतः बसतो, दांडा धरतो आणि पडद्यावर सरळ रेघ येते. ती शून्य धरून मग वैमानिकाचा हात किती हलला ते काढायचं. आज ती सरळ आली नाही. तीनदा बसलो, तिन्ही वेळा नागमोडी. “मशीन गॉट प्रॉब्लेम, इज इट?” सहकाऱ्यानं विचारलं. मी केबलवर ढकललं. केबल बदललीही. खुर्ची बंद होती, आई. हात माझाच होता.

तू इथं सिंगापूरला, आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर दोन महिने राहिलीस. वाढताना आमटी सांडली की मी खेकसायचो, “लक्ष कुठे असतं तुझं? नीट धर ना!” तू हात पदराखाली घ्यायचीस. आणि रोज बसनं तोआ पायोहपर्यंत जाऊन परत यायचीस, तेही मागच्या सीटवर, जिथं इंजिन धडधडतं. “तिथं बरं वाटतं रे,” म्हणायचीस. काय हे खूळ, असं मी बायकोला म्हणालो होतो. त्या सीटवर सगळ्यांचेच हात हलतात. तेवढा वेळ तू चारचौघांसारखी असायचीस. मोजमापाचा एवढा मी शहाणा, मला हे आज कळतंय.

आज मी काय केलं, ऐक. गेल्या महिन्याची सरळ रेघ उचलली आणि आजची म्हणून लावली. वैमानिकाची चाचणी तिच्यावर झालीसुद्धा. नोकरी गेली की इथं राहायचा पास गेला, पास गेला की लेकीची शाळा, घर, सगळंच. डॉक्टरकडे जायची छाती होत नाही. बायको विचारते, “अरे, गप्प का?” दमलोय म्हणतो. मला फार भीती वाटते गं. कोणाला तरी सांगायलाच हवं. आणि खरं सांगू? तू आज हयात असतीस, तर तुलाही सांगितलं नसतं.