रेग्युलेटर गेलाय, मोटर नाही

४ मार्च, सकाळी
निदान झालं. मीच केलं. थायरॉईड! थकवा, भर उन्हात थंडी, विसरभोळेपणा, कुणाशी बोलू नयेसं वाटणं. आमच्या हिला होतं तेच सगळं. ही जाऊन तीन महिने झाले, पण त्याचा इथे संबंध नाही. पंखा हळू फिरला की गिऱ्हाईक छाती बडवतं, मोटर गेली म्हणून. मी रेग्युलेटर बदलून देतो. थायरॉईड म्हणजे शरीराचा रेग्युलेटरच. उगाच नाही इतकी वर्षं पंखे दुरुस्त केले.

५ मार्च
उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचं. नक्की.

६ मार्च
चहा पिऊन बसलो. विसरणं हेही लक्षणच.

९ मार्च
दुकान उघडलं नाही. लेकीचा फोन. आईच्या गोळ्यांची बाटली अजून ठेवलीत का, टाकून द्या म्हणे. औषध का फुकट घालवायचं? मलाच लागणार आहे. माणसाला दूरदृष्टी हवी.

११ मार्च
रक्त दिलं. उपाशी यायची गरज नव्हती, असं लॅबवाली म्हणाली. असू दे. मेडिकलवाल्याने माहिती दिली. गोळीत टी-फोर असतं. शरीर त्यातलं एक आयोडीन काढून टी-थ्री करतं, आणि खरं काम ते करतं. अजब कारभार. एक कमी झालं की काम सुरू. आमच्याकडे एक कमी झालं आणि... असो. विषय गोळीचा चाललाय.

१२ मार्च, सकाळी
ही रोज सकाळी गोळी घ्यायची, मग अर्धा तास चहा नाही. मीही थांबायचो, कुरकुरत. आता कुणी अडवत नाही, तरी थांबतो. सराव असलेला बरा. गोळी सुरू झाली की दुकान रोज, दाढी रोज.

१४ मार्च
रिपोर्ट नॉर्मल. पुन्हा तपासा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, लोक हे ऐकून हसत घरी जातात, तुम्ही भांडताय. मग विचारलं, घरी कोण असतं? गळा दाटून आला. थायरॉईड गळ्यातच असतं, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी पाणी पुढे केलं.

१४ मार्च, संध्याकाळी
रेग्युलेटर ठीक आहे. ती नाही म्हणून मी असा झालोय, आणि त्यावर गोळी नाही.
लेकीने फोनवर विचारलं, काय निघालं? थायरॉईडच, म्हटलं. तुझ्या आईसारखं. ती रडली. मग थेट आईच्या आवाजात दटावलं, गोळीनंतर अर्धा तास चहा नाही हं बाबा. थांबेन म्हटलं.

१५ मार्च, सकाळी
गोळी नाही, तरी थांबलो. अर्धा तास कधीच होऊन गेला. चहा अजून टाकलेला नाही.